खडकावरचा दगड

९ मार्च, रविवार

आज उपासनेला नऊ माणसं. त्यात एक तान्हं मूल आणि एक सुभद्राबाई, जी पहिल्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला झोपते आणि थेट आशीर्वादाला जागी होते. उरलेल्यांतले दोघे मोबाइल बघत होते. याकोबकाका सगळा वेळ दाराबाहेरच्या चपलांवर नजर ठेवून होते, कारण गेल्या महिन्यात त्यांची चप्पल गेली. नेणारा मंडळीतलाच असणार. बाहेरचा माणूस आमच्या चर्चमध्ये चोरी करायलासुद्धा येत नाही.

बाबा डिसेंबरात गेले, तेव्हापासून चर्चची किल्ली माझ्याकडे आहे. कुणी दिली नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात होती आणि शर्ट मी घातला.

दुपारी पुण्याहून ऋत्विकचा फोन आला. ऋत्विक माझा आतेभाऊ. तीन वर्षं त्याने चर्चचं तोंड पाहिलेलं नाही, पण नाताळला मोबाइलवर चांदणी लावतो. म्हणाला, "ये बे इकडं. तुह्यासाठी जागा पकडून ठेवली. छपाईचंच काम हाये. आन् इकडं कोणी इचारत नाही तू कोण्या देवाचा." मी म्हणालो, ईस्टरनंतर सांगतो. तो म्हणाला, "ईस्टरले काय तुले तिथं जहागिरी भेटनार हाये का?"

मी मेहकरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात अक्षरं जुळवतो. बारावी सुटली नाही. लोक वाढदिवसाचे मजकूर आणून देतात, मी त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करतो आणि ते मला शिष्ट म्हणतात.

इथे कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहितो. माझी श्रद्धा पातळ झाली आहे. प्रार्थनेला डोळे मिटतो तेव्हा पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही. या मंडळीकडे बघून कुणाची श्रद्धा टिकली असती तर मला आश्चर्य वाटलं असतं. तरी मी अजून इथे आहे तो एका माणसामुळे, आणि तो माणूस मेलेला आहे.

तो माणूस म्हणजे माझे पणजोबा, कडूबा. आमच्यातले पहिले विश्वासी. दुसरबीडकडच्या एका खेड्यात एकटे बाप्तिस्मा घेऊन उभे राहिले. त्यांची कबर आमच्या कबरस्थानात वरच्या कोपऱ्यात आहे. लहानपणी, नंतर दहावीच्या सुट्टीत, नंतर नापास झालो तेव्हा, मी जेव्हा जेव्हा म्हणालो की आता मी चर्चला येणार नाही, तेव्हा बाबा मला तिथे घेऊन गेले. तिथे एक मोठा ओबडधोबड दगड आहे, बाकी काही नाही. बाबा एवढंच म्हणत, "इथं टिकून राह्यलेल्या माणसाचं काम आहे. बस जरासा." मी बसायचो. आणि पुढच्या रविवारी चर्चला जायचो.

ठरवलं आहे की ईस्टरपर्यंत त्या कबरीला चांगला ओटा बांधायचा आणि नावाची फरशी लावायची. ते काम पुरं करून किल्ली पाळकसाहेबांच्या हातात द्यायची. मग पुणे.

१२ मार्च, बुधवार

कबरस्थानात जाऊन आलो. ईस्टरच्या पहाटे आम्ही तिथे उपासना करतो, म्हणून त्याआधी प्रत्येक घराने आपापल्या कबरींना चुना लावायचा अशी रीत आहे. रीत म्हणजे बोलायची गोष्ट. अर्धी घरं गाव सोडून गेली, उरलेल्यांच्या कमरा दुखतात. याकोबकाकांची कमर तर दर वर्षी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी धरते आणि ईस्टरच्या जेवणाला सुटते. सगळ्या कबरींना बाबाच चुना लावायचे. मी मदतीला असायचो, पण वरच्या कोपऱ्यातल्या दगडाला त्यांनी मला कधी कुंचला लावू दिला नाही. तो ते स्वतः करायचे.

बाबांच्या काही खोडी होत्या. खालच्या भिंतीशी कडुनिंब आहे. त्याच्याजवळ गेले की ते चपला काढायचे. चुन्याचं काम अनवाणी केल्यावर पाय फाटणारच, ते फाटायचे, मग आई तूप लावायची आणि बडबडायची. दुसरी खोड चुन्याच्या ड्रमची. चुन्याची कळी भिजवायला ड्रम सपाट जागी हवा आणि सावलीत हवा. अशी जागा एकच, कडुनिंबाखाली, थोडी उंचवट्याची. मी ड्रम तिथे ठेवायचो. बाबा काही न बोलता भरलेला ड्रम ढकलत ढकलत फाटकापाशी नेऊन उन्हात ठेवायचे. दुसऱ्या दिवशी रिकामा झाला की मी परत कडुनिंबाखाली आणायचो. शेवटच्या वर्षी त्यांना धाप लागत होती, तरी त्यांनी ड्रम नेलाच. इतका हेकटपणा मी दुसऱ्या माणसात पाहिलेला नाही.

यंदा ड्रम कडुनिंबाखालीच राहील. हलवायला कुणी नाही.

२३ मार्च, रविवार

पाळकसाहेब आले होते. तीन गावांना मिळून ते एकच आहेत, म्हणून आमच्या वाट्याला महिन्यातून एकदाच येतात, आणि तेवढंही पुष्कळ होतं. नगरकडचे आहेत. वय माझ्याहून थोडं जास्त, आवाज पन्नास माणसांना पुरेल असा, समोर नऊ. मोबाइल एका काठीवर उभा करून स्वतःचा उपदेश स्वतःच टिपतात. प्रार्थनेला डोळे मिटण्याआधी एकदा काठीकडे बघून घेतात.

उपासनेनंतर मी ओट्याचं सांगितलं. ते एकदम खूष झाले. "पहिल्या विश्वासणाऱ्याचं स्मारक! राजकुमार, ईस्टरच्या पहाटे आपण त्याचं अनावरण करू. तू साक्ष द्यायचीस. मी ते सगळीकडे पाठवतो."

मंडळीचा उत्साह मात्र बघण्यासारखा होता.

याकोबकाका म्हणाले, "इतकी वर्सं वट्टा नव्हता तं कडूबा उठून पळाला का?"

त्यांची सून म्हणाली, "फरशी कबरीले लावन्यापेक्षा चर्चच्या मोरीले लावा. पाय घसरते."

सुभद्राबाई जागी होती. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तो दगड हाये तसा राहू दे ना बापू. कायले त्याच्या मागं लागला?"

बापू! मी चोवीस वर्षांचा आहे. आणि ही बाई मला शिकवणार. शेजारणीकडे महालक्ष्म्या बसल्या की ही पहिल्या पंगतीला, पोळ्याला बैलाच्या पाया पडते, आणि बायबल उघडते ते फक्त त्यात ठेवलेलं औषध काढायला. अशा लोकांना बाबा 'आपली माणसं' म्हणायचे. मी त्यांना कच्चे म्हणतो.

३० मार्च, रविवार

पाळकसाहेबांनी मोबाइलवर एक संदेश पाठवला आहे, कडूबांच्या जीवनावर. मी लक्ष ठेवून असतो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उपदेशात कडूबांना गावकऱ्यांनी शिव्या दिल्या होत्या. गेल्या वर्षी एक दगड मारला. या संदेशात रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं आहे आणि ते गीत गात गात मरतात. पुढच्या वर्षी बहुतेक सिंह आणतील.

मला हे सगळं लागत नाही. मला तो दगड पुरतो. एक माणूस भ्यायला नाही आणि त्याची हाडं तिथे आहेत, एवढं खरं असलं की झालं.

फरशीचा मजकूर तयार केला. 'कडूबा सखाराम हिवाळे. प्रथम विश्वासी. येथे विसावले आहेत.' चार वेळा तपासला.

८ एप्रिल, मंगळवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

गवंडी अर्जुनराव सकाळी आले. ते आमच्यातले नाहीत, पण गावातली निम्मी बांधकामं त्यांचीच आहेत. दर दोन मिनिटांनी विनोद करण्याची त्यांना सवय आहे. "राजकुमार, तुमचं राज्य कुठून कुठवर ते आखून द्या. तेवढंच खांदतो." मी दोरी लावून दिली. त्यांनी पहारीने दगड बाजूला लोटला आणि पाया खणायला घेतला.

थोड्याच वेळात पहारीचा आवाज बदलला. नंतर बराच वेळ आवाजच नाही. मग त्यांनी हाक मारली.

"राजकुमार, इकडं या बरं. तुमचा पणजा उभा पुरला का आडवा?"

"काय बोलता अर्जुनराव!"

"रागावू नका. हे पाहा. हातभर बी माती नाही. खाली काळा खडक हाये, अख्खा. इथं माणूस कसा पुरला? इथं तं मांजर पुरता येत नाही."

मी म्हणालो, बाजूला खणा. त्यांनी बाजूला खणलं. खडक. मी म्हणालो, पलीकडे. पलीकडेही खडक. मग मी पहार हातात घेऊन स्वतः खणलं, हाताला फोड येईपर्यंत. सगळीकडे तोच एकसंध काळा खडक, त्याला कुठे भेग नाही, कुठे कुणी फोडल्याची खूण नाही.

"सुरुंग लावला असंन मंग," अर्जुनराव हसले. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबले. "मी कोणाले सांगत नाही भाऊ. दगड ठेवू का वापस?"

मी म्हणालो, राहू द्या.

जाताना त्यांनी त्या बाजूला पडलेल्या दगडासमोर टोपी काढली, पुन्हा घातली आणि गेले. कुणासाठी काढली कोण जाणे.

९ एप्रिल, बुधवार

दुकानात एका नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नाव चुकलं. माझ्या हातून पहिल्यांदाच. मालक म्हणाले, "आज तुझं ध्यान कुठं आहे?" खडकात आहे, असं सांगता आलं नाही.

बाबा खोटं बोलले. दुसरा अर्थ निघत नाही. दर वर्षी त्या दगडाला स्वतः चुना लावणाऱ्या माणसाला खाली काय आहे हे माहीत नसेल असं होणार नाही. आणि मला तिथे नेऊन बसवायचे, एखाद्या लहान पोराला गोळी दाखवावी तसे. मी बसायचो, मनातल्या मनात त्या कोऱ्या दगडाशी बोलायचो. किती हास्यास्पद! याकोबकाका चपला राखतात तो निदान खऱ्या चपला राखतात.

११ एप्रिल, शुक्रवार

आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मी सून म्हणून आले तवा तो दगड तिथंच होता. तुझ्या बाबाले एकदा इचारलं मी, तं म्हणे, ते माह्या आजीचं काम हाये. मंग मी नाही इचारलं. सुभद्राबाईले माहीत असंन. लहानपणी चांगुणामायच्याच मागं मागं असे."

चांगुणा म्हणजे कडूबांची बायको, माझी पणजी. तिच्याविषयी मला नाव सोडून काही माहीत नाही. उपदेशात ती कधी येत नाही.

सुभद्राबाईकडे जायचं म्हणजे कठीण आहे. तिला काय आठवणार? तिला पहिलं कडवं संपल्याचं आठवत नाही.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

उपासना झाल्यावर सुभद्राबाईकडे गेलो. तिने उन्हात बाजेवर कुरडया घातल्या होत्या. मला बस म्हणाली नाही, हातात काठी दिली आणि शेळी हाकलायला सांगितलं. पुढचं सगळं मी काठी धरून ऐकलं.

मी विचारलं, "त्या दगडाखाली कोण आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली. कुरडई उलटतच होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"समद्या म्हाताऱ्यायले माहीत व्हतं. आता मीच राह्यली. शेळी पाह्य."

शेळी हाकलली.

ती म्हणाली, "तुझ्या पणज्याले कोणी मारलं-बिरलं नाही. भला माणूस व्हता, पन भेकड. नदीत बाप्तिस्मा घेतला आन् घरी सांगाले भेला. बायकोले कळलं तं तिनं आठ दिवस बोलणं टाकलं. दोन महिन्यांनी पटकी आली, त्यात गेला. भावायनं त्याले आपल्या रितीनं जाळला. त्यायचं काय चुकलं? त्यायचा भाऊ व्हता. अस्थी नदीत सोडल्या."

"मग आमच्यातला पहिला विश्वासी..."

"दोन महिन्याचा. तो अजून देवाले नीट भेटलाच नव्हता." ती हसली. दात नाहीत, त्यामुळे हसणं फार वाईट दिसतं. "चांगुणामाय राह्यली. मांडीवर तुझा आजा. दीर म्हणे, बाई, इथंच राह्य, तुले खायाले काही कमी पडू देत नाही, फक्त ते येशूचं सोड. तिनं तं धरलंच नव्हतं, सोडंन काय? पन मंग तिले वाटलं, आपला माणूस अर्धं काम टाकून गेला. पोराले कमरेवर घेतलं आन् इथं चालत आली. म्हणे, त्याचं अर्धं राह्यलं, ते मी करतो."

"आणि दगड?"

"तिनं मंडळीले जागा मांगितली. माह्या माणसाचं नाव इथं असू द्या म्हणे. पंच म्हणे, मयत नाही तं जागा कायची? खाली चांगली माती हाये, ते खऱ्या मेलेल्यायसाठी. वरती खडक हाये, तिथं कोणाले पुरता येत नाही, तिथं ठेव काय ठेवाचं ते. मंग तिनं नदीवरून दगड आणला. एकटीनं. लोटत लोटत. आन् दर ईस्टरले चुना लावून तिथं बसे. लोक हासत. ए चांगुणा, तिथं कोणी नाही वं! चांगुणामाय म्हणे, मले माहीत हाये. मीच तं ठेवला."

मी काठी विसरलो. शेळीने एक कुरडई नेली, सुभद्राबाईने मला शिवी दिली.

मग मी विचारलं, "ती कुठे आहे? चांगुणा?"

सुभद्राबाईने कुरडया सोडून माझ्याकडे पाहिलं. एवढी जागी मी तिला कधी पाहिली नव्हती.

"मरतानी म्हणे, माह्यावर दगड ठेवू नका, घराले एक दगड पुरे. मंग तशीच माती केली, कडुनिंबाखाली. वर्सानुवर्सं पावसानं बसली, सपाट झाली." ती पुन्हा कुरडयांकडे वळली. "तू तिथं डरम ठेवतो."

"बाबांनी कधी सांगितलं नाही!"

"कसं सांगंन? ते सांगाचं म्हटलं तं दगडाचंबी सांगा लागते. तू त्या दगडावर टिकला व्हता. तुझा बाप मले म्हणे, मावशे, पोराचा तेवढाच आधार हाये, तो मी कसा काढू? डरम काय, डरम मी उचलतो."

घरी आलो. जेवलो नाही.

१४ एप्रिल, सोमवार

कामावर गेलो नाही.

दिवसभर राग येत होता, पण कुणाचा ते ठरत नाही. पंचांचा येतो. त्यांनी एका बाईला खडक दिला आणि तिच्या पोराच्या पोराला त्यांचीच थडगी रंगवायला लावली. पाळकसाहेबांच्या रक्तबंबाळ कडूबाचा येतो. बाबांचा आणायचा प्रयत्न केला. धाप लागलेली असताना ते भरलेला ड्रम ढकलत होते आणि मी कडुनिंबाच्या सावलीत उभा राहून हसत होतो, तेवढं दिसतं आणि पुढे राग चालत नाही.

'येथे विसावले आहेत.' चार वेळा तपासलेला मजकूर.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

गुड फ्रायडेची तीन तासांची उपासना. पाळकसाहेबांनी सात उपदेश केले. सातही सारखेच होते. याकोबकाका उपवास धरून आले होते आणि खिशातून शेंगदाणे खात होते.

मी प्रार्थना केली. पलीकडे कुणी नाही असंच वाटलं. नेहमीसारखंच. फरक एवढाच की आज मी उठलो नाही, त्या 'कुणी नाही'समोर बसून राहिलो. तिथे बसायला कुणाला काय लागत असेल, याचा विचार करत होतो.

ऋत्विकचा फोन आला. सोमवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सची सीट धरली आहे म्हणाला. मी बरं म्हणालो.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी लवकर कबरस्थानात गेलो. पाळकसाहेबांना कालच सांगितलं होतं की फरशी होणार नाही. त्यांना वाटलं, कारागिराने फसवलं. तसंच वाटू दिलं.

आधी ड्रम हलवला. चुना भिजलेला, काठोकाठ. इतका जड असेल अशी कल्पना नव्हती. फाटकापर्यंत नेताना मी चार ठिकाणी थांबलो आणि चुना उसळून पायावर आला. मग कडुनिंबाखालची जागा झाडली. चपला काढल्या होत्या. कधी काढल्या ते आठवत नाही.

मग वर जाऊन खणलेली माती पुन्हा खडकावर ओढली आणि दगड लोटायला घेतला. हलला नाही. अर्जुनरावांनी तो पहारीने लोटला होता, माझ्याकडे पहार नव्हती. खांदा लावला, पाठ लावली. शेवटी लोटला. एक चांगला धडधाकट माणूस असून मला सगळी सकाळ लागली. तिने तो नदीवरून आणला होता.

दगडाला चुना लावला. मग खाली येऊन कडुनिंबाखालच्या मातीभोवतीही चुन्याची एक रेघ ओढली. दगड नाही ठेवला. तिने नको म्हटलं होतं.

पाय भाजल्यासारखे झाले आहेत. आईने तूप लावलं आणि काही बडबडली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे अंधारात सगळे आले. ईस्टरला नेहमीच जास्त येतात, कारण नंतर जेवण असतं. पाळकसाहेबांनी मोबाइलची काठी वरच्या दगडासमोर उभी केली आणि कडूबांचं मरण सांगायला सुरुवात केली. यंदा आग पण आली. मग म्हणाले, "आता त्यांचे पणतू राजकुमार साक्ष देतील."

माझ्या खिशात लिहून आणलेली दोन पानं होती. ती काढली नाहीत. मी म्हणालो, "या दगडाखाली कुणी नाही. खाली खडक आहे."

पाळकसाहेबांनी काठीकडे पाहिलं.

याकोबकाका म्हणाले, "मंग चुना कायले लावला बे?"

मग मी सांगितलं. फार वाईट सांगितलं. मध्येच अडखळलो, क्रम चुकला, पटकीच्या आधी अस्थी सांगितल्या. कडूबा दोन महिन्यांचे होते हे सांगितलं. त्यांचं राहिलेलं काम चांगुणाने केलं, इथे खडकावर तिला जागा दिली, लोक हसत आणि ती दर वर्षी येऊन बसे, हे सांगितलं. ती कडुनिंबाखाली आहे आणि तिच्यावर मी इतकी वर्षं चुन्याचा ड्रम ठेवला, हेही सांगितलं. पुढे काय बोलायचं ते सुचेना, म्हणून खाली बसलो.

सुभद्राबाई झोपली होती. एवढं सगळं झालं आणि ती झोपली होती.

पाळकसाहेब घाईने 'आमेन' म्हणाले आणि गीत धरलं. मागून मला म्हणाले, "हे पाठवता येणार नाही रे." आवाजात पहिल्यांदाच पन्नास माणसं नव्हती.

परत जाताना सगळे कडुनिंबाजवळून गेले. याकोबकाका तिथे थांबले. चपला काढल्या, दोन पावलं पुढे गेले, मग मागे वळून चपलांकडे पाहिलं आणि त्या हातात घेतल्या. चपला छातीशी धरून, अनवाणी, ते त्या चुन्याच्या रेघेपाशी उभे राहिले. मला हसू आलं. मग आलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

पाळकसाहेब आज दुसऱ्या गावाला. उपासनेला माणसं कमी झाली आहेत, कारण ईस्टर संपला. मी दार उघडलं, सतरंजी झटकली, वचन वाचलं. याकोबकाकांनी आज चपला दाराबाहेर ठेवल्याच नाहीत, पिशवीत घालून शेजारी ठेवल्या. गीत सगळ्यांनी वेगवेगळ्या सुरात म्हटलं. या मंडळीत सुधारणा होईल असं मला वाटत नाही.

मी नेहमी मागे भिंतीला टेकून बसतो. आज पुढे जागा होती, सुभद्राबाईच्या बाजूला. ती दुसऱ्या कडव्याला झोपली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. हलवलं असतं तर जागी झाली असती. आशीर्वादापर्यंत तसाच बसलो.

संध्याकाळी ऋत्विकचा फोन, आठवडाभरात पहिल्यांदाच उचलला. फार चिडला होता. "सोमवारी सीट खाली गेली तुही. सांगाचं तं व्हतं! मी तिथं शब्द देऊन बसलो. त्या चर्चात आता राह्यलं तरी कोण बे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "मले माहीत हाये."

तो म्हणाला, म्हाताऱ्यांसारखं काय बोलून राह्यला, आणि फोन ठेवला.

किल्ली बाबांच्या शर्टाच्या खिशात आहे. शर्टाच्या खांद्याला सुभद्राबाईच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला आहे. साबण लावून घासला, गेला नाही. पुढच्या रविवारी हाच घालावा लागेल.